जोत्याच्या तीन पायऱ्या

लोहारा तालुक्यातील माणसाला ‘पुनर्वसन’ या शब्दाचा अर्थ विचारला, तर तो आधी बोटाने दाखवतो: ते तिकडे जुने गाव आणि हे इकडे नवे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चार वाजायला चार मिनिटे कमी असताना, गणपती विसर्जनाहून परतलेली माणसे पहिल्या गाढ झोपेत असताना, दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांच्या माथ्यावरची मातीने जड झालेली माळवदे ज्या गावांवर कोसळली, त्यांत किल्लारीचे नाव जगाला ठाऊक झाले. पण सास्तूर, होळी, राजेगाव ही आमच्या इलाख्यातील नावेही त्याच यादीत आहेत, आणि तेव्हा हा भाग उमरगा तालुक्यात मोडत असल्याने जुन्या कागदपत्रांत ती त्या तालुक्याखाली शोधावी लागतात. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. 52 गावे उठवून नव्या जागी वसवण्यात आली. पुन्हा वसणे, पुन्हा नांदू लागणे, हा त्या संस्कृत शब्दाचा सरळ अर्थ. आणि घर बांधून किल्ली हाती दिल्याने माणूस वसत नाही, हे ज्यांनी आयुष्याने शिकून घेतले, अशी एक सबंध पिढी आता सत्तरीच्या पलीकडे जाऊन पोचली आहे.

माझी आत्या त्याच पिढीतली.

सरकारी हिशेबाप्रमाणे भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला 250 चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्याला 400, आणि त्याहून मोठ्या खातेदाराला 750, अशी ती वाटणी झाली. आत्याच्या वाट्याला 250 आले. जुन्या गावात भिंतीला भिंत लागून होती, एकीच्या चुलीवर काय शिजते आहे ते दुसरीला वासावरून कळे, आणि ओट्यावर बसल्या जागी दिवस सरे. नव्या गावात भूकंपाच्या भयाने म्हणा की नकाशा आखणाऱ्याच्या शिस्तीने म्हणा, रस्ते रुंद झाले, घरे एकमेकांपासून सुटी झाली, आणि बोलायचे झाले तर उठून चालत जावे लागू लागले. चाळिशीतल्या बाईला ते जड गेले नाही. पंचाहत्तरीत मात्र त्या सुट्या अंतराचा एकेक फूट मोजावा लागतो.

दोन वर्षांमागे श्रावणात आत्या मोरीपाशी घसरली आणि तिचा खुबा मोडला. सोलापुरात शस्त्रक्रिया झाली, सळई बसली, जखम भरली. मुलगा पुण्याकडे कारखान्यात कामाला, सून दोन मुलांसह तिथेच दोन खोल्यांत. मुलगी उमरग्याला, तिच्या घरी आधीच अंथरुणाला खिळलेला सासरा. तेव्हा ‘चार-सहा आठवडे, चालू लागेपर्यंत’ अशा बोलीवर एका शहरातील खासगी शुश्रूषागृहात तिची व्यवस्था करण्यात आली. त्या निर्णयात मीही होतो. चार-सहा आठवड्यांचे चौदा महिने झाले.

ते ठिकाण वाईट होते असे मी म्हणणार नाही. फरशी स्वच्छ, औषध वेळेवर, जेवण मऊ. पण पडू नये म्हणून खाटेचे कठडे सदैव वर केलेले. उठवायला दोन माणसे लागतात आणि ती रात्री नसतात म्हणून लंगोट बांधलेला. आणि जी बाई शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी वॉकर धरून दहा पावले चालली होती, ती सहाव्या महिन्यात उभी राहिली की थरथरू लागली. अंथरुणात पडून राहिलेल्या म्हाताऱ्या शरीराचे स्नायू आठवड्यांच्या हिशेबाने झिजतात, ही वैद्यकातील जुनी आणि निर्विवाद गोष्ट आहे. पडण्यापासून जपण्याच्या नादात आपण चालणेच काढून घेतो. एकदा भेटीला गेलो असता तिच्या उशाशी लावलेली फाइल सहज चाळली. वय, आजार, औषधे, रक्तदाब, मुलाचा फोन नंबर, अनामत रक्कम, दरमहा 14,000 रुपये जमा. सगळे मजकूर व्यवस्थित भरलेले. या बाईला कोठे राहायचे आहे, याचा रकाना त्यात नव्हता.

मी तिला विचारले. विचारताना लाज वाटली, कारण चौदा महिन्यांत तो प्रश्न मी प्रथमच विचारीत होतो. ती बराच वेळ कठड्यावरून बोट फिरवीत राहिली आणि म्हणाली, “तुम्ही समद्यांनी ठरिवलं तवा इचारलं न्हाई, मग आता कशापायी इचारतावं?” आणि थोड्या वेळाने, तोंड भिंतीकडे करून: “घरला न्या मला. हितं मी हाय, पर कुनाचीच न्हाई.”

हा जो न विचारलेला प्रश्न, तो केवळ आमच्या कुटुंबाचा अपराध नव्हे. अमेरिकेत, जेथे वृद्धांची शुश्रूषागृहे हा एक प्रचंड व्यवसाय आहे, तेथे 2010 सालापासून सरकारमान्य शुश्रूषागृहातील रहिवाशाच्या नियतकालिक तपासणीच्या अर्जात असा प्रश्नच छापलेला असतो की, येथून बाहेर पडून समाजात राहण्याविषयी तुम्हाला कोणाशी बोलायचे आहे काय. आणि उत्तर होकारार्थी आले तर ते संबंधित यंत्रणेला कळवणे बंधनकारक असते. त्या प्रश्नामागे एक खटला आहे. जॉर्जिया राज्यातील लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोन स्त्रिया मनोरुग्णालयात होत्या. त्या बाहेर राहू शकतात असे त्यांचे डॉक्टरच म्हणत होते, तरी बाहेर सोय नाही या सबबीवर त्यांना आतच ठेवण्यात आले होते. 22 जून 1999 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जो माणूस बाहेर राहू शकतो आणि राहू इच्छितो, त्याला विनाकारण संस्थेत कोंडून ठेवणे हा अपंगत्वावरून केलेला भेदभाव होय. पुढे 2005 च्या कायद्याने एक योजना आली, तिच्या नावाचा अर्थ ‘पैसा माणसाच्या मागे जातो’ असा आहे. सरकार एखाद्यासाठी शुश्रूषागृहाला जी रक्कम देते, ती त्या माणसाच्या पाठोपाठ त्याच्या घरी जावी आणि तेथे मदतनिसाचा पगार, कठडे, चाकाची खुर्ची यांवर खर्च व्हावी, हे तिचे सूत्र. 2019 अखेर एक लाखाहून अधिक माणसे तिच्या आधाराने संस्थांतून घरी परतली.

आमच्याकडचा पैसा मात्र माणसाच्या मागे जात नाही. तो जेथे माणूस ठेवतात तेथे थांबतो. महाराष्ट्रात 1995 पासून मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आहे. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियमाने उपविभागीय अधिकाऱ्यापुढे निर्वाहाचा अर्ज करण्याची सोय केली (लोहाऱ्याच्या माणसाला त्यासाठी उमरग्याला जावे लागते), दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह ठरवण्याचा अधिकार दिला, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून घेऊन नंतर न सांभाळणाऱ्याचे बक्षीसपत्र रद्द करण्याची कलम 23 ची तरतूद केली, आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम असावा असेही म्हटले. हे सर्व आवश्यकच होते. कलम 23 मुळे कित्येक म्हाताऱ्यांचे डोक्यावरचे छप्पर वाचले आहे. परंतु वृद्धाश्रमाकडे जाणारा रस्ता ज्या कायद्याने आखला, त्याने तेथून परत येणारा रस्ता आखलेला नाही. जणू एकदा आत गेलेला माणूस परतण्याची इच्छाच करणार नाही.

नवल असे की हाच रस्ता आपल्या देशात दुसऱ्या एका कायद्याने आखून ठेवला आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचे कलम 19 सांगते की, कुटुंब नाही, किंवा कुटुंब घेत नाही, किंवा घर नाही, किंवा बाहेर सोय नाही, केवळ एवढ्या कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. समाजात राहणे हा त्याचा हक्क आहे. या कलमाची अंमलबजावणी किती बिकट आहे याचा दाखला आपल्याच राज्याने दिला: बऱ्या झालेल्या रुग्णांना मनोरुग्णालयातून काढून भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवण्यात येत असल्याचे जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले, आणि हा प्रकार थांबवा असा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. एका दाराने बाहेर काढून दुसऱ्या दाराने आत घातले, तर दप्तरात नोंद ‘मुक्त’ अशी होते. माणूस मात्र तेथेच असतो.

आणि तरीही परत नेण्याचे काम जमते, हे दाखवून देणारी माणसे याच महाराष्ट्रात आहेत. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी 1988 साली मुंबईत श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठान सुरू केले. 2006 पासून कर्जतला त्यांचे केंद्र आहे. 2018 साली डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोवर रस्त्यावर भटकणाऱ्या सात हजारांहून अधिक मनोरुग्णांना त्यांनी उपचार करून घरी पोचवले होते. त्यांच्या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट औषधांची नाही. बरा झालेला रुग्ण गाडीत बसवून निरोप दिला, असे तेथे होत नाही. संस्थेचा कार्यकर्ता त्याच्यासोबत आगगाडीने, एस.टी.ने, शेवटी पायी, तो सांगेल त्या गावापर्यंत जातो, घरच्यांसमोर बसतो, आजार काय होता आणि गोळी का थांबवायची नाही हे समजावतो, आणि मगच परततो. परतीच्या प्रवासाला सोबती लागतो. भूकंपानंतर आमच्याकडेही हे कळले होते. घरांच्या दुरुस्तीचा कार्यक्रम गावोगाव सुरू झाला तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या देखरेखीखाली गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले, आणि इंजिनिअर व घरधनीण यांच्यामध्ये उभे राहून त्या दोघांची भाषा एकमेकांना सांगू लागल्या. आज शुश्रूषागृह आणि गाव यांच्यामध्ये अशी संवाद सहायक कोण आहे? आत्याच्या बाबतीत ते काम नाइलाजाने मला करावे लागले, आणि ते करताना मला समजले की ममता ही या कामातली सर्वांत सोपी वस्तू आहे.

अवघड होत्या त्या तीन पायऱ्या.

पुनर्वसनात बांधलेल्या घरांना पक्के जोते आहे. आत्याच्या दारापुढे सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या, म्हणजे दीड फूट चढ. चाकाची खुर्ची स्वतःच्या हाताने ढकलता यावी किंवा वॉकर धरून न घसरता चढता यावे, तर एका फुटाच्या चढाला बारा फूट लांबीचा उतार लागतो. दीड फुटाला अठरा. गवंडी म्हणाला, “आठ फुटांत बसवतो की, कशाला सिमेंट घालवता?” त्याला खडूने अंगणात रेघ मारून दाखवावी लागली. आणि तेव्हा ध्यानी आले की, जुन्या गावाच्या बोळात अठरा फूट जागा कोणाच्याच दारापुढे निघाली नसती. शेजार तोडणारी जी मोकळी आखणी, तिनेच आज परतण्याची वाट दिली होती. लोहाऱ्याच्या वेल्डिंगवाल्याकडून दीड इंची पाइपाचा कठडा करून घेतला, एक उताराच्या कडेला, एक मोरीच्या भिंतीत, एक खाटेपासून संडासापर्यंत. कठडा किती उंच हवा हे त्याने मला विचारले, मी पुस्तकातला आकडा सांगितला, त्याने मान हलवली आणि म्हणाला, “आजींची उंची किती?” खरा प्रश्न तोच होता. शुश्रूषागृहात जाऊन तिला भिंतीपाशी उभी करून मनगटाची उंची मोजून आणली, तेव्हा कोठे पाइप कापला गेला.

दुसरा चढ कचेरीचा. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचे दरमहा 1,500 रुपये तिला मिळत असत. हयातीचा दाखला वेळेत सादर झाला नाही म्हणून ते बंद पडले होते. जी बाई चौदा महिने खाटेवर जिवंत होती, ती कागदावर संशयास्पद झाली होती. तहसील कचेरीतील निराधार शाखेत अर्ज, आधार, बँकेचे खाते यांची रुजुवात करण्यात तीन खेपा झाल्या; तेथील कारकुनाने तिसऱ्या खेपेला स्वतः फोन करून काम झाल्याचे कळवले, हे नमूद केलेच पाहिजे. रेशन दुकानात तिचा थम लागेना. भांडी घासून, सरकी वेचून, खुरपून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या, त्या पिढीची ओळख यंत्राला पटत नाही. दुकानदाराने अखेर दुसऱ्या मार्गाने नोंद करून धान्य दिले.

तिसरा चढ माणसांचा, आणि त्याविषयी मी सावधपणे लिहितो. ‘घरी न्या’ हे म्हणणे सोपे, पण घरी म्हणजे कोणाच्या हातात? बहुतेक घरांत त्याचे उत्तर ‘सुनेच्या’ असे असते, आणि तिला तो प्रश्न आत्याइतकाही कोणी विचारलेला नसतो. आत्याच्या सुनेने मला स्पष्ट सांगितले, “भाऊजी, मी नोकरी सोडून गावी येणार नाही. पण महिन्याला पैसे पाठवीन, आणि दिवाळीला, मेमध्ये येईन.” मला ते उत्तर प्रामाणिक वाटले आणि पुरेसेही वाटले. शुश्रूषागृहाच्या 14,000 मधून समोरच्या घरातील एका विधवा बाईला सकाळ-संध्याकाळच्या कामाचे 5,000 ठरले. अंघोळ, दोन वेळचे जेवण, आणि मोरीपर्यंतची सोबत. ती बाई पूर्वी ऊसतोडीला जात असे. दसऱ्यानंतर टोळ्या निघाल्या की मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत म्हातारे आणि शाळकरी पोरेच उरतात. अशा गावात गावातच राहून मिळणारे पाच हजार रुपये कोणा एका घराचे स्थलांतर थांबवतात, हा या व्यवहाराचा असा लाभ की तो मी मुळात धरलाच नव्हता. गावच्या आशाताईने रक्तदाबाची वही सुरू केली. तुळजापूर तालुक्यातील अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातील बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ केले. केरळात मलप्पुरमकडे शेजारपाजारचे लोकच शिकून खाटेवरच्या रुग्णांची देखभाल करतात. तेव्हा आशाताईच्या वहीला आणखी थोडे शिक्षण आणि थोडे मानधन जोडले, तर तालुक्याच्या गावांत हे होणार नाही असे मानण्याचे कारण नाही. 2011 च्या जनगणनेतच महाराष्ट्रातील 9.9 टक्के माणसे साठीच्या वर होती. शहरातल्या खाटा त्या सगळ्यांना पुरणार नाहीत.

सगळ्यांनीच परतावे असे मात्र मी म्हणत नाही. ज्याला रात्री चारदा उठवावे लागते, ज्याची स्मृती गेली आहे आणि जो दार उघडे दिसताच चालू लागतो, ज्याला घरी मारहाण होते, त्याच्यासाठी आश्रम हाच आसरा आहे. भूकंपानंतर निराधार झालेली सुमारे 1,200 मुले भारतीय जैन संघटनेने पुण्याला नेऊन शिकवली, पन्नालाल सुराणांनी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभे केले, ते झाले नसते तर त्या मुलांचे काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. संस्था लागतात. प्रश्न एवढाच की आत घेताना जसा एक कागद भरून घेतात, तसा दर तीन महिन्यांनी एक प्रश्न विचारून त्याचे उत्तर लिहून ठेवावे. आणि उत्तर ‘घरी’ असे आले, तर कठडा, उतार, निवृत्तिवेतन, मदतनीस यांची तजवीज करणे हे कोणा एकाचे, पगार घेऊन करायचे काम असावे. जिल्ह्याच्या समाजकल्याण कचेरीत असे एक पद निर्माण करणे नव्या वृद्धाश्रमाच्या इमारतीपेक्षा खचित स्वस्त पडेल.

आत्या कार्तिकात घरी आली. गाडीतून उतरल्यावर उतारापाशी थांबली, कठड्याला हात लावून पाहिला आणि “गार हाय” एवढेच म्हणाली. चढायला अकरा मिनिटे लागली, तीनदा थांबली, आम्ही कोणी हात धरला नाही, कारण तिने तसे बजावले होते. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. रात्री ती घाबरून हाका मारी, शुश्रूषागृहातली घंटा शोधी. एकदा मोरीत बसून पडली, सुदैवाने लागले नाही. मुलाने फोनवर मला नको नको ते सुनावले आणि तो चुकीचा नव्हता. पौषापासून ती वॉकर घेऊन समोरच्या घरापर्यंत जाऊ लागली. जुन्या गावात जे अंतर एका हाकेचे होते ते येथे चाळीस पावलांचे आहे, आणि ती चाळीस पावले हाच तिचा व्यायाम झाला. वेळ अमावास्येला तिला शेतात नेता आले नाही. समोरच्यांनी ज्वारीच्या कणसांसकट भज्जी आणि आंबिलीचे गाडगे घरीच आणून ठेवले.

या दिवाळीच्या आधी भेटायला गेलो तेव्हा ती शुश्रूषागृहातल्या शेजारच्या खाटेवरील बाईविषयी विचारू लागली. परंड्याकडची ती बाई, मुलगा नाही, पुतण्याने आणून ठेवलेली, आत्या निघाली त्या दिवशी तिने आत्याच्या पदराचे टोक धरून ठेवले होते. “तिला इचारलंस का?” आत्या म्हणाली. मी म्हटले, विचारले आहे. त्या बाईने गावाचे नाव सांगितले, वाड्याची एक भिंत पडली आहे असे सांगितले, आणि उंबऱ्याची उंची विचारली तर हाताची वीत करून दाखवली. घर कोणाच्या नावावर आहे ते पाहण्यासाठी ग्रामपंचायतीकडे उताऱ्याचा अर्ज दिला आहे. पुतण्या अजून फोन उचलत नाही.